“सण होऊ दे, मग बघू” – माझा अनुभव

2024 चं लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं. मला दिवाळीच्या तारखा कधी लक्षात राहत नाहीत पण ही राहिली, कारण पुढच्या सहा महिन्यांत ती मी वीसेक कागदांवर तरी लिहिली असेल.

मारहाण नवीन नव्हती. लग्नाला नऊ वर्षं, मुलगा सात वर्षांचा. नवरा एमआयडीसीत परमनंट, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला सगळं छानच. दिवाळीत बोनस यायचा, त्याबरोबर मित्र यायचे, बाटली यायची, आणि माझ्या माहेरून काय आलं नि काय नाही याचा हिशोब निघायचा. त्या वर्षी मी बोनसमधले दहा हजार मुलाच्या फीसाठी बाजूला काढून ठेवले होते, विचारून नाही, आणि ते त्याला पूजा झाल्यावर कळलं. मी आत चकल्यांचा राहिलेला घाणा काढत होते, तो मागून आला आणि डाव्या कानावर एक लगावली. हातातला सोऱ्या खाली पडला, तेल अंगावर आलं नाही हे नशीब. बाहेर कुणाचीतरी मोठी माळ लागली होती त्यामुळं शेजारी कुणाला काही ऐकू जायचा प्रश्नच नव्हता. मला पण माळ संपली तरी कानात शिट्टी वाजतच राहिली.

दुसऱ्या दिवशी पाडवा. सासूबाई म्हणाल्या सणाच्या दिवशी तोंड वाकडं करू नको, ओवाळ त्याला. आणि मी ओवाळलं. लोक विचारतात कसं काय ओवाळलंस, अहो हात आपोआप चालतात, ताट तयार असतं, सगळे उभे असतात. त्यानं ताटात पाचशेची नोट टाकली. तासाभरानं “मुलाला किल्ला दाखवून आणते” म्हणून आम्ही दोघं चपला घालून निघालो ते त्याच पाचशेवर, कारण फोन रात्रीपासून त्याच्याकडं होता. खालच्या मजल्यावरच्या काकू सोबत आल्या, त्यांनी एक शब्द विचारला नाही, फक्त पर्स घेतली.

काकूंच्या फोनवरून आईला कळवलं तर आई रडली आणि म्हणाली सणासुदीचं घरची लक्ष्मी बाहेर पडू नये, भाऊबीज होऊ दे, मग दादा येऊन बोलेल. आईवर राग नाही माझा, तिला तेवढंच माहिती होतं.

आधी सरकारी दवाखान्यात गेलो कारण काकू म्हणाल्या आधी कान. कॅज्युअल्टीत फटाक्यानं भाजलेल्या पोरांची रांग. डॉक्टरांनी विचारलं कशानं झालं, मी म्हणलं फटाका फुटला जवळ. त्यांनी लिहायला घेतलं पण शेजारच्या सिस्टरनं माझी हनुवटी धरून गाल उजेडाकडं वळवला आणि म्हणाली, “फटाक्याची बोटं उमटतात का गं बाळा?” तेव्हा मला रडू फुटलं. मग नीट लिहिलं गेलं, नवऱ्यानं मारलं, डाव्या कानाच्या पडद्याला भोक, गालावर वळ, एमएलसी नंबर पडला, म्हणजे पोलिसांसाठी, कोर्टासाठी धरली जाणारी दवाखान्याची नोंद. त्या एका कागदानं पुढं जेवढं काम केलं तेवढं कुणीच केलं नाही. मी फटाका म्हणून घरी आले असते तर नंतर कोर्टात माझ्याच तोंडचा फटाका मला नडला असता.

पोलीस स्टेशनचा अनुभव थोडक्यात सांगते कारण तो सगळ्यांना माहितीये. “ताई आज पाडवा, समजुतीनं घ्या, सण होऊ दे मग बघू, आत्ता एनसी करून देतो.” एनसी म्हणजे अदखलपात्र, पुढं फार काही होत नाही. खरं तर 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात पोलिसांनी बाईला सांगायलाच पाहिजे असं लिहिलंय की संरक्षण अधिकारी असतात, मोफत वकील मिळतो, तुम्ही कोर्टात अर्ज करू शकता, हवा तर गुन्हाही नोंदवू शकता. मला यातलं काही सांगितलं नाही. तरी एनसीची कॉपी मागून घेतली, काकूंनी लगेच फोटो काढून ठेवला.

मग 181, म्हणजे महिला हेल्पलाइन, लावली, काकूंच्याच फोनवरून. मला वाटलं पाडव्याला फोन कोण उचलणार, पण उचलला. बाईंनी पहिलं विचारलं तुम्ही आत्ता सुरक्षित जागी आहात का, मूल सोबत आहे का, मग सखी वन स्टॉप सेंटरचा, म्हणजे अशा बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राचा, पत्ता दिला आणि तिथं कळवलं पण. (जीवावर बेतलं असेल तर 112, तातडीच्या मदतीचा नंबर, ते वेगळं.) सेंटरमध्ये चारपाच दिवस राहता येतं, मुलगा लहान असल्यानं तोही सोबत. स्वच्छ होतं, एक खोली, चार कॉट, आम्ही धरून तीन बायका. तिघी दिवाळीतल्याच. रात्री मुलगा विचारत होता किल्ल्यावरच्या अळीवाला पाणी कोण घालणार, आणि मावळे आत कोण ठेवणार, पाऊस आला तर.

तिथल्या केस वर्करताईंनी घरगुती घटना अहवाल भरायला घेतला, त्याला सगळे डीआयआरच म्हणतात. त्यात कधी, कुठं, काय, कुणासमोर असं एकेक लिहायचं असतं. मला एक तारीख सांगता येईना. गौरी जेवल्या त्या दिवशी ढकललं, हे आठवत होतं. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायका गेल्यावर, हे आठवत होतं. गेल्या पाडव्याला माहेरची साडी हलकी आली म्हणून. ताई उठल्या, भिंतीवरचं कालनिर्णय खाली घेतलं, कपाटातून आदल्या वर्षीचं पण काढलं, आणि आम्ही एकेक सण शोधून त्याची तारीख लिहीत गेलो. अकरा नोंदी झाल्या आणि त्यातल्या नऊ लाल रंगातल्या तारखा. तोपर्यंत मला वाटायचं हा कधीपण भडकतो. आणि आमच्याकडं “सण होऊ दे” म्हणणारे सगळे मला नेमकं त्याच दिवसात गप्प बसवत होते.

भाऊबीजेला दादा तिथंच आला. ओवाळायला निरांजन नव्हतं, राहिलं. त्यानं दारातच सांगितलं, समजूत घालायला आलो नाही, तुला काय करायचंय ते सांग.

पुढचं सगळं मात्र हळू. कोर्टाला दिवाळीची सुट्टी, संरक्षण अधिकारी सुट्टीनंतर भेटल्या. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मिळाल्या, फी शून्य, बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे मला माहितीच नव्हतं (त्यांचा फोन 15100). वकीलताईंनी नीट समजावलं की घरगुती हिंसाचार कायद्यातल्या कलम 12 चा अर्ज मॅजिस्ट्रेटकडं करायला एफआयआर लागत नाही, आणि यात नवऱ्याला लगेच अटक वगैरे होत नाही. जुन्या 498अ चा, म्हणजे सासरच्या छळाचा गुन्हा, आता भारतीय न्याय संहितेत कलम 85, तो वेगळा, तो करायचा का ते नंतर ठरवा. माझी सगळी भीती त्याचीच होती, याची नोकरी गेली तर मुलाचं काय. ती भीती कुणी मूर्खपणा म्हणू नये.

घर सासूबाईंच्या नावावर. मला वाटायचं आपला हक्क नाही, तर सुप्रीम कोर्टानं 2020 मध्येच सांगितलंय की घर सासू-सासऱ्यांचं असलं तरी सून तिथं नांदत असेल तर राहण्याचा हक्क मागू शकते. पण मला तिथं जायचंच नव्हतं, मी भाडं मागितलं, तेही मागता येतं. कायद्यात लिहिलंय पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, आमची लागली तीन आठवड्यांनी, मग तो दोनदा आलाच नाही. अंतरिम आदेश मार्चमध्ये मिळाला, मारहाण करायची नाही, शाळेपाशी यायचं नाही, भाडं आणि मुलाचा खर्च द्यायचा. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. एकदा तो शाळेच्या गेटवर आला होता, मी आदेशाची कॉपी दाखवली, शिपाईकाकांनी मोठ्यानं वाचली, गेला. पैसे एक महिना येतात एक महिना येत नाहीत, त्यासाठी परत अर्ज, ते चालूच आहे. कान दोन महिन्यांत आपला आपण भरला.

सामान आणायला संरक्षण अधिकारी आणि एक महिला पोलीस सोबत होत्या. स्त्रीधनाची आणि कागदपत्रांची यादी मी करून दिली होती, मंगळसूत्र, पाटल्या, आधार कार्ड, मुलाचा जन्मदाखला, आणि शेवटी “पितळी सोऱ्या – 1”. तो आईनं पहिल्या दिवाळसणाला दिलेला. सासूबाई बाकी सगळ्यावर गप्प बसल्या आणि सोऱ्यावर अडल्या, तो आमचाच म्हणे. मॅडमनी उलटा करून बघितला, खाली आईचं नाव घातलेलं होतं, दिला. मुलानं जिन्याखालून खोक्यातले मावळे घेतले, किल्ल्याची नुसती माती राहिली होती.

घरी येऊन बघितलं तर चकलीची चकती त्यात नव्हतीच. या दिवाळीला शेवच केली.