हरकत नाही

‘मागचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला लाइट कट होईल’ असा मेसेज बाबांना आला. ऑगस्ट २०२४ ची गोष्ट. त्यांनी खाली दिलेल्या नंबरवर फोन केला, समोरच्यानं एक ॲप टाकायला लावलं आणि तीन फटक्यांत ७४ हजार गेले. हे दुपारी एकला. आम्हाला कळलं संध्याकाळी सातला, कारण लाजेपोटी बाबा जेवलेही नाहीत आणि बोललेही नाहीत.

१९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा मदत क्रमांक चौथ्यांदा लागला. ते बँक, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर विचारतात, म्हणून आधी स्टेटमेंट पुढ्यात घ्या, मग फोन करा. तोवर पैसे तीन खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेही होते. वाटेतल्या एका खात्यात २१ हजार उरले होते, तेवढे गोठवले गेले. दुपारीच फोन केला असता तर, हा विचार मी बाबांसमोर कधी बोलून दाखवला नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या अण्णांची मोटारसायकल चोरीला गेली. ती नवव्या दिवशी चोरासकट सापडली. पलीकडच्या गावचाच पोरगा, पंपावरच्या कॅमेऱ्यात दिसलेला. आमचे पैसे फिरले ती तीन खाती तीन राज्यांतली. हवालदार म्हणाले, “बघा, खातेदार मिळंल. पण तो निघतो कुणीतरी मजूर, दोन-चार हजाराला पासबुक-कार्ड देऊन बसलेला. त्याच्या मागचा कुठनं आणायचा?”

त्यात फसवणुकीच्या जोडीला आयटी कायद्याचं कलम लागलं, की तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो. आमच्या ठाण्यात निरीक्षक एक, आणि गणपतीचा बंदोबस्त तोंडावर. ७४ हजारांसाठी तीन राज्यांत माणसं कोण पाठवणार? राग आला, पण हिशोब चुकीचा म्हणता येईना.

गोठवलेले पैसे मात्र मिळतात, चिकाटी हवी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४५७) वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. कोर्टानं पोलिसांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवला. तो यायलाच तीन तारखा गेल्या. शेवटी मीच ठाण्यात जाऊन कारकुनाच्या टेबलाशी उभा राहिलो. मग बंधपत्र, आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल, ती घेऊन बँक. पाचव्या महिन्यात २१ हजार जमा झाले. वकिलांची फी वजा जाता किती उरले ते बाबांनी विचारलं, मी विषय बदलला.

त्यानंतर ठाण्याकडे मी फिरकलो नाही. खरं सांगायचं तर चोर पकडला जावा म्हणून मी जात नव्हतोच, पैशासाठी जात होतो. माझ्यासारखेच बाकीचेही थांबत असणार.

यंदा कोर्टाची नोटीस आली. पोलिसांनी ‘अ समरी’ पाठवली होती, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी मिळून येत नाही. फिर्यादीचं काही म्हणणं आहे का? बाबांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला आणि कोर्टात जाऊन ‘हरकत नाही’ लिहून सही केली.