जाहिरातींची फाइल: सब्यूटिओचं पान, अडीच सेंटिमीटर

चिकटलेलं पान उघडलं! पूर्ण नाही, वरच्या कडेपासून जेमतेम अडीच सेंटिमीटर. पण चार महिने ज्या कोपऱ्यात नुसतं हिरवं दिसत होतं, तिथे आता सब्यूटिओ या टिचकीने खेळायच्या फुटबॉल-खेळाच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं नीट वाचता येतात आणि त्यांच्याखाली फ्लडलाइटच्या खांबाचं टोक. तिसऱ्या सेंटिमीटरला घात झाला, म्हणून ही नोंद.

गठ्ठा कामठीच्या रद्दीवाल्याकडचा. 'शूट' या जुन्या इंग्रजी फुटबॉल साप्ताहिकाचे अकरा अंक, त्यातले तीन बिनकव्हरचे. हा एक त्याच्या दुकानात कूलरच्या मागे भिंतीला टेकून दोन उन्हाळे पडून होता. "ताई, याले पाणी लागलं आहे, याचे पैसे नको देऊ," असं तो स्वतःच म्हणाला. मी दिले.

बिनकव्हरच्या अंकाचं साल काढणं हे माझं सगळ्यात आवडतं काम. लिव्हरपूलच्या शर्टावर, छातीवरच्या प्रायोजकाच्या जागी, हिताची असेल तर १९८२च्या उन्हाळ्याआधीचा, क्राउन पेंट्स असेल तर नंतरचा. इथे क्राउन पेंट्स आहे, मँचेस्टर युनायटेडवर शार्प आहे, आणि टॉटनहॅमची छाती अजून कोरी. तिथे होल्स्टन आलं १९८३ मध्ये. म्हणजे बहुधा १९८२-८३चा हंगाम. जाहिरातीच्या पानाला चिकटलेल्या पोस्टरवर इटलीच्या निळ्या शर्टातला रोसी आहे, तोही १९८२च्या स्पेनमधल्या वर्ल्ड कपनंतरच्या दिवसांशी जुळतो. छातीवरच्या जाहिरातीने आतल्या जाहिरातीचं वय सांगितलं, याचा आनंद मला दोन दिवस पुरला.

आता चिकटण्याबद्दल. खरखरीत कागदाची पानं भिजली तरी सुटतात. फुगतात, पिवळी पडतात, पण सुटतात. चकचकीत पानाचं तसं नाही. त्यावर चिनी मातीचा थर असतो, बाइंडरने बसवलेला. पाणी लागलं की बाइंडर मऊ होतो, वर गठ्ठ्याचं वजन असलं की समोरासमोरचे दोन थर एक होतात, आणि सुकल्यावर त्याची वडी बनते. ओलं असतानाच मध्ये सिलिकॉनचा बेकिंग पेपर सरकवला असता तर पान वाचलं असतं. (साधा बटर पेपर वापरू नका, मी एका कोऱ्या चकचकीत पानावर करून पाहिलं, तोही चिकटला.) सुकल्यावर हातात फार कमी उरतं.

मी दमट डबा केला. मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात तळाला ओला ब्लॉटिंग पेपर, त्यावर जाळी, जाळीवर पान, झाकण घट्ट. पाण्याचा थेंबही पानाला लागू द्यायचा नाही, फक्त दमट हवा. दर दोन तासांनी झाकण उघडून कोपरा तपासायचा. एक दिवस झाला की बाहेर काढायचंच, नाहीतर बुरशी. आपल्याकडच्या जुलैत तर अजून आधी. सहा तासांनी वरची कड सैल झाली. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या जुन्या शीटची बोटभर पट्टी कापून आत घातली आणि आडवी, अगदी आडवी, सरकवत नेली. स्टीलचा स्पॅच्युला मी आता या कामाला हातात घेणार नाही. पट्टी वाकते, स्पॅच्युला वाकत नाही, आणि कागदाला ते कळतं.

अडीच सेंटिमीटरपर्यंत छान गेली. मग रोसीच्या बाहीचा नखाएवढा निळा तुकडा मातीच्या थरासकट उचकटला आणि जाहिरातीच्या हिरव्यावर जाऊन बसला. मी तिथेच थांबले. रात्री झोप लागली नाही.

हे पान इतकं का हवं आहे, ते नव्या मंडळींसाठी सांगते. पीटर अ‍ॅडॉल्फने १९४६च्या ऑगस्टमध्ये 'द बॉइज ओन पेपर'मध्ये सब्यूटिओची जाहिरात दिली तेव्हा विकायला एकही संच तयार नव्हता. आधी जाहिरात, मग खेळ. मागणी आल्यावर त्याने ते बनवले आणि १९४७ मध्ये पाठवले. पहिल्या संचात मैदानाचं कापडसुद्धा नव्हतं. खडू दिलेला असायचा, घरच्या घोंगडीवर रेघा तुम्ही मारायच्या. नाव त्याला 'हॉबी' हवं होतं. ते मिळालं नाही, म्हणून हॉबी नावाच्या ससाण्याचं शास्त्रीय नाव फाल्को सब्यूटिओ, त्यातला दुसरा शब्द घेतला.

दादा आणि मी यातलं काहीच न जाणता नागपूरच्या महाल भागातल्या घरी सतरंजीवर खडूने मैदान आखायचो आणि बाबांच्या जुन्या कोटाची बटणं टिचकीने मारायचो. दादाने बर्डीच्या फूटपाथवरून आणलेल्या एका अंकात सब्यूटिओची जाहिरात होती. फ्लडलाइट, स्टँड, धावफलकासारखा स्कोअरबोर्ड, आणि खाली कूपन. 'पोहोचायला २८ दिवस' असं लिहिलेलं. पौंड कुठून आणायचे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, तरी दादाने कूपन भरलं होतं. पत्त्यात पिनकोडसुद्धा. तो अंक घर बदलताना गेला.

असो. धरमपेठेतले एक काका, टपाल तिकिटांचे जुने संग्राहक, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "ओलावा पुरे झाला, आता थंडीत टाक." एकमेकांना चिकटलेली तिकिटं ते झिपच्या पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवतात. गार झाल्यावर डिंक कडक होतो आणि तिकीट सुटतं. मातीच्या थराला हे लागू पडेल का, याबद्दल त्यांनी वचन दिलं नाही. आईने फ्रीझरमधला आमरसाचा डबा हलवून जागा करून दिली.

बाकी कामं थोडक्यात. मागच्या पानाचा मजकूर पुढे उमटतो ही माझी जुनी तक्रार मिटली. स्कॅन करताना पानामागे काळा कार्डशीट ठेवा, पांढरा नको. पांढरा उजेड परत फेकतो, काळा गिळतो. अ‍ॅडमिरल या खेळाच्या कपड्यांच्या कंपनीची जाहिरात पहिल्यांदाच स्वच्छ आली. छपाईच्या ठिपक्यांची जाळी दिसत असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा, किंचित धूसर करा, मगच लहान करा. थेट ३००वर करून मी गेलं वर्ष वाया घालवलं. ऑनलाइन मागवलेल्या 'आर्काइव्हल' पिशव्या मात्र उघडल्या उघडल्या नव्या रेनकोटसारखा वास मारू लागल्या. पीव्हीसी. त्या शाईला चिकटतात. सगळ्या बाजूला काढल्या, इतवारीतून पॉलिप्रॉपिलीनच्या आणल्या, त्या निम्म्या किमतीत आणि बिनवासाच्या.

अ‍ॅडमिरलच्या पाठपोट पानावर मैदानाकडेला कोका-कोलाची पाटी दिसते. १९७७ ते १९९३ ती बाटली आपल्याकडे नव्हतीच, आम्हाला ती फक्त अशा फोटोंतून माहीत. मैदानाकडच्या पाट्यांची वेगळी फाइल करायचा विचार आहे.

आणि हे लिहिता लिहिता एक सुचलं. पान सोडवायचंच कशाला? खालून एलईडी पॅनेल लावून जोडपानाचा फोटो काढला तर चारही बाजू एकात एक दिसतील. बाहेरच्या दोन बाजू माझ्याकडे स्कॅन केलेल्या आहेत, त्या वजा करता येतील. रोसीचं पोस्टर कुणाकडे सुटं असेल तर तेही वजा होईल, आणि उरेल ती जाहिरात. रेघा तंतोतंत जुळवणं अवघड जाईल, पण कागदाला हात लावायला नको.

म्हणून आधी उजेड, मग थंडी. पिशवी आज फ्रीझरमध्ये जाणार होती, ती टेबलावरच आहे. रोसीचं ते पोस्टर कुणाकडे असेल तर ६००वर, मागे काळा कार्डशीट ठेवून पाठवा. उजव्या बाहीचा कोपरा शाबूत हवा.