आमची वाटचाल : जुन्या लेन्सा, नव्या बॉड्या आणि मधली रिंग

आमचं काम थोडक्यात सांगायचं तर एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर बसवून देणं. त्यासाठी मधे जी रिंग लागते, अडॅप्टर म्हणतात ते, आम्ही विकतो, मोजतो, घासून दुरुस्त करतो आणि काही मोजक्या माउंटचे (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जिथं बसते ते तोंड) स्वतः बनवतो पण. कोल्हापुरात बसून असला धंदा चालतो का, असं पुणे-मुंबईचे लोक फोनवर विचारतात. चालतोय की. फक्त ठरवून असं काही केलेलं नाही, एकातून एक निघत गेलं.

सुरुवात आबांची, म्हणजे वडिलांची. मिरजकर तिकटीजवळ एका बोळात त्यांचं कॅमेरा रिपेरीचं टेबल होतं, टेबलच, दुकान नंतर झालं. झेनिट, यॅशिका, पेंटॅक्स, निकॉन असे कॅमेरे यायचे आणि पावसाळा लागला की बुरशी धरलेल्या लेन्सा. आपल्याकडचा पाऊस माहितीच आहे, फोटोग्राफर लोक कॅमेरा लेदरच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवायचे, त्या लेदरला ओल धरायची आणि दसऱ्याला बाहेर काढला की आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखं पसरलेलं असायचं. आबा रिंगा खोलून काच साफ करून परत बसवायचे, हात असा की परत बसवलेली लेन्स इन्फिनिटीला, म्हणजे एकदम लांबच्या फोकसला, बरोबर लागायची. अजून पण रिपेरीचं काम तेच बघतात, आणि सगळ्यांना एकच सांगतात, लेदरची केस पहिली टाकून दे, हवाबंद डबा घे आणि सिलिका जेल घाल.

डिजिटल आलं तशी रिपेरी बसली. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून उद्यमनगरात एका मशीन शॉपला होतो, तिथं व्हॉल्व्हचे पार्ट निघायचे, दिवसभर व्हर्निअर, मायक्रोमीटर, डायल ही मापाची अवजारं हातात. त्याचा पुढे उपयोग होईल असं तेव्हा डोक्यात पण नव्हतं.

आता मुद्द्याचं. प्रत्येक कॅमेऱ्यात माउंटच्या तोंडापासून सेन्सरपर्यंत ठराविक अंतर असतं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटला ते ४६.५ मिमी, कॅननच्या ईएफला ४४, एम४२ च्या चुडीवाल्या लेन्सना ४५.४६, मिनोल्टाच्या एमडीला ४३.५, कॅननच्याच जुन्या एफडीला ४२. आरसेवाल्या कॅमेऱ्यात आरसा वर-खाली व्हायला जागा लागते म्हणून हे अंतर एवढं. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे सोनी ई माउंटला १८, कॅनन आरएफला २०, फुजी एक्सला १७.७ आणि निकॉन झेडला तर १६ मिमीच. मधे जी जागा उरली तेवढ्या जाडीची रिंग घाला, झालं काम, आत काच वगैरे काही लागत नाही. निकॉन एफ टू सोनी ई म्हणजे २८.५ मिमीची रिंग, कॅनन ईएफ टू आरएफ २४ ची.

यात सगळ्यात जास्त भलं झालं ते एफडीवाल्यांचं. कॅननने १९८७ ला ईएफ माउंट आणला आणि एफडीच्या लेन्सा एका झटक्यात अनाथ झाल्या, कारण ४२ ची लेन्स ४४ च्या बॉडीवर लांबचं फोकसच करू शकत नाही, लेन्स आतच घ्यावी लागेल, ती घेणार कशी. मधे काच घातलेले अडॅप्टर मिळायचे पण फोटो धुवट यायचा. आबांच्या कपाटात अशा कितीतरी लेन्सा पडून होत्या, गिऱ्हाइकांनी रिपेरीला टाकून परत न नेलेल्या. भंगारात सुद्धा कोणी घेत नव्हतं.

२०१३ ला सोनीने फुल फ्रेमवाला, म्हणजे जुन्या रोलच्या फ्रेमएवढ्या सेन्सरचा, ए७ काढला आणि माझी ट्यूब पेटली, कारण त्याच्या आधीच्या मिररलेसवर जुनी ५० ची लेन्स लावली की छोट्या सेन्सरच्या क्रॉपमुळे ७५ सारखी दिसायची, आता ५० ची ५० च. इचलकरंजीचा एक लग्नाचा फोटोग्राफर पहिल्या काहींमध्ये होता ज्याने ती बॉडी घेतली, बॉडीतच सगळे पैसे संपले, लेन्सला उरले नाहीत. त्याला आबांच्या कपाटातली झेनिटवरची हेलिओस ४४-२ दिली, ५८ मिमी एफ २, आणि बाहेरून मागवलेली एक रिंग. पन्हाळ्याजवळ मसाई पठारावर प्री-वेडिंग करून आला, मागची झाडी गोल गोल फिरल्यासारखी, त्या लेन्सचं ते वैशिष्ट्यच आहे. पुढच्या आठवड्यात त्याचे चार मित्र आले, दादा ती फिरणारी लेन्स आहे का म्हणून. तिथून अडॅप्टर मागवून विकायला लागलो.

आणि तक्रारी पण तिथूनच सुरू झाल्या. स्वस्तातल्या रिंगा एका मापाच्या येत नाहीत. एक आली की फोकस रिंग इन्फिनिटीच्या खुणेच्या बरीच आधी लांबचं दाखवते, दुसरी आली की लांबचं लागतच नाही. मी मशीन शॉपचा माणूस, मायक्रोमीटर लावला तर लगेच कळलं. बनवणारे मुद्दाम थोडी पातळ करतात, कारण पातळ रिंगेने लेन्स इन्फिनिटीच्या पलीकडे जाते पण निदान लांबचं कुठंतरी लागतं, जाड झाली तर काहीच करता येत नाही. किती जाड म्हणजे जाड हा हिशोब बघण्यासारखा आहे, लेन्सच्या फोकल लेंग्थचा (लेन्सवर लिहिलेल्या मिमीचा) वर्ग करायचा आणि वाढलेल्या जाडीने भागायचं. ५० मिमीच्या लेन्सला रिंग फक्त ०.१ मिमी जाड झाली तर २५००० मिमी, म्हणजे २५ मीटरच्या पुढचं फोकसच लागणार नाही. १३५ च्या लेन्सला तेवढ्याच चुकीत १८० मीटरपर्यंत जातं, चालून जातं. पण २४ मिमीच्या वाइडला? पावणेसहा मीटर! म्हणजे लग्नाच्या ग्रुप फोटोत पुढची मंडळी शार्प आणि मागचा मांडव गेला. वाइड लेन्सवाला तक्रार घेऊन आला की आम्ही लेन्स बघतच नाही, आधी रिंग मोजतो.

नुसती जाडी पण नाही, दोन्ही तोंडं एकमेकांना समांतर पाहिजेत. एका बाजूला थोडी जाड झाली की फोटोची एक बाजू मऊ येते आणि लोक लेन्सला शिव्या देतात. सरफेस प्लेटवर, म्हणजे एकदम सपाट पाटावर, रिंग ठेवून वरून डायल फिरवला की काटा नाचतो, गिऱ्हाइकाला समोर उभं करून दाखवतो, मग जास्त बोलायला लागत नाही.

पातळ असलेल्या रिंगेत शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालायचे आणि जाड असलेली फेस करून, म्हणजे लेथवर तोंड कापून, आणायची हे काम मी माझ्या जुन्या शॉपमधल्या टर्नर मामांकडून करून घ्यायला लागलो. मामा रिटायरला आलेले, व्हॉल्व्ह करून कंटाळलेले. पहिल्यांदा रिंग हातात घेऊन म्हणाले, "मर्दा, ह्यात हाय काय? आख्खीच करूया की." नाद खुळा माणूस. तिथून आमची स्वतःची रिंग सुरू झाली.

आपल्या गावात असलं काही सांगितलं की समोरचा खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाचा विषय काढतोच, बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी इथं सिनेमाचा कॅमेरा बनवला तर तुमची रिंग काय घेऊन बसलाय. अभिमान आम्हाला पण आहे, पण त्याने मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग, मिळत नाहीत. आम्हाला सगळ्यात जास्त दमवलं अ‍ॅनोडायझिंगने. ती म्हणजे अॅल्युमिनियमवर विजेने कडक थर चढवायची प्रक्रिया. लेथवरून रिंग मापात निघायची आणि काळी होऊन आली की जाड. त्याचं कारण असं की अ‍ॅनोडायझिंगचा थर साधारण निम्मा धातूच्या आत जातो आणि निम्मा वर चढतो, म्हणजे २० मायक्रॉनचा थर दिला तर प्रत्येक तोंडावर १० वाढतात, दोन तोंडांचे मिळून २०. आता तेवढी पातळ काढूनच पाठवतो आणि आल्यावर परत मोजतो. आतल्या बाजूला बारीक चुडी पाडतो, आतून गुळगुळीत ठेवली तर काळा रंग असून पण उजेड परावर्तित होतो आणि समोरून ऊन आलं की फोटोवर पांढरट पडदा. बॉडीकडचं तोंड पितळी ठेवतो, अ‍ॅल्युमिनियम घासून त्याचा भुगा सेन्सरवर पडतो म्हणून.

एम४२ ची रिंग आमची सगळ्यात जास्त जाते आणि सगळ्यात जास्त घोळ पण तिच्यातच. एम४२ म्हणजे ४२ मिमी व्यास आणि १ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर). टी-माउंट म्हणून दुसरा एक प्रकार आहे, दुर्बिणीला आणि जुन्या मोठ्या टेलिफोटोला असतो, व्यास तोच ४२ पण पिच ०.७५. दोन-तीन आटे बरोबर जातात, मग घट्ट होतं, आणि माणूस जोर लावतो. असे अडकलेले जॉब सोडवायला मामांशिवाय कोणी नाही. अजून एक, एम४२ च्या काही ऑटो लेन्सना मागे बारीक पिन असते, ती आत दाबली गेली तरच अपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, लहान होतं. रिंगेला आतून कडा नसेल तर पिन दाबली जात नाही आणि एफ ८ ला ठेवलं तरी लेन्स पूर्ण उघडीच राहते. म्हणून आम्ही कडावाली आणि बिनकडावाली दोन्ही करतो, कुठली पाहिजे हे लेन्स बघूनच सांगता येतं.

धंदा खरा वाढला तो २०१९ च्या महापुरानंतर, हे सांगायला बरं वाटत नाही पण तसंच आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, लक्ष्मीपुरीकडचे कितीतरी स्टुडिओ पाण्यात. पाणी ओसरल्यावर लोक पोत्यातून कॅमेरे घेऊन यायला लागले, गाळ भरलेले. डिजिटल बॉड्या गेल्याच, सर्किटमध्ये गाळ गेल्यावर काय राहतंय. मोटरवाल्या लेन्सा पण बहुतेक गेल्या. पण जुन्या सगळ्या धातूच्या मॅन्युअल लेन्सा आबांनी खोलून, धुऊन, नवीन ग्रीस घालून उभ्या केल्या. वय झालेलं, तरी रात्री उशिरापर्यंत बसायचे. कितीतरी लोकांकडून मजुरी घेतली नाही, मी पण काही बोललो नाही. कॅनन-निकॉनच्या फुल फ्रेम मिररलेस आदल्याच वर्षी आलेल्या, त्यामुळे नवी बॉडी घ्यायचीच तर मिररलेस घेऊ असं बऱ्याच जणांनी ठरवलं आणि वाचलेल्या लेन्सा त्यावर चढवायला आमच्याकडे आले. २०२१ ला परत पूर आला तेव्हा लोक निदान सामान आधी वर घेऊन बसले होते.

आम्ही नाही कशाला म्हणतो ते पण सांगतो, कारण फोन त्यासाठीच जास्त येतात. इलेक्ट्रॉनिक अडॅप्टर आम्ही बनवत नाही, आणून विकतो. कॅननच्या ईएफ लेन्सचं अपर्चर पूर्ण विजेवर चालतं, तिला साधी रिंग लावली तर अपर्चर बदलता येत नाही, तिथं कॉन्टॅक्टवालाच पाहिजे. कॅननची बॉडी असेल तर कॅननचाच ईएफ-आरएफ घ्या, डोकं लावू नका, लेन्स मूळच्यासारखी चालते. निकॉनच्या जी लेन्सना अपर्चरची रिंग नसते, त्यांच्यासाठी आमच्या अडॅप्टरवर फिरवायची रिंग दिलीय, आतला खटका ढकलते, पण त्यावर आकडे नसतात, अंदाजानेच. आणि एएफ-डी लेन्सवाले सगळ्यात जास्त हिरमुसतात. त्या लेन्समध्ये मोटर नसते, बॉडीतली मोटर स्क्रूने फिरवायची, आणि निकॉनच्या एफटीझेडमध्ये (एफ लेन्स झेडवर लावायचा त्यांचाच अडॅप्टर) ती मोटर दिलेली नाही, त्यामुळे निकॉनची लेन्स निकॉनच्याच झेडवर लावली तरी फोकस हाताने.

शाहू स्टेडियमला फुटबॉलचे फोटो काढणारा एक पोरगा आला होता, जुनी ८०-२०० ची झूम लेन्स घेऊन, साधी रिंग द्या म्हणाला. मी म्हटलं भावा, तुझा फॉरवर्ड बॉल घेऊन पळणार आणि तू रिंग फिरवत बसणार, काय मिळणार तुला? नाही दिली. पैसे साठवून ऑटोफोकसवाली सेकंडहँड घे म्हणून सांगितलं. लग्नात पोर्ट्रेटला, प्रॉडक्टला, व्हिडिओला मॅन्युअल मस्त चालतं, फोकस पीकिंग लावा (फोकस लागलेल्या कडा स्क्रीनवर रंगतात), झूम करून बघा, आरसेवाल्या कॅमेऱ्यापेक्षा सोपं जातं. पळणाऱ्या माणसाला नाही.

राहिलेले निम्मे फोन एकाच गोष्टीचे, "दादा रिंग लावली आणि शटरच पडत नाही." मेनूत रिलीज विदाउट लेन्स चालू करा. सोनीत स्टेडीशॉटला (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) फोकल लेंग्थ हाताने भरा, नाहीतर ५० ची लेन्स लावून आतला सेन्सर भलत्याच मापाने हलतो. आणि लेन्स जड असेल तर ट्रायपॉड लेन्सला किंवा अडॅप्टरच्या पायाला लावा, बॉडीला नको, सगळा भार माउंटवर येतो.

सध्या मामा, मी, आबा आणि दोन पोरं एवढेच आहोत, लेथ आपलं आहे, व्हीएमसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं, काम शिरोली एमआयडीसीत जॉबवर्कला देतो. प्रत्येक रिंग रात्री गच्चीवर नेऊन लांबच्या मोबाईल टॉवरच्या लाल दिव्यावर तपासतो, आकाश मोकळं असेल तर ताऱ्यावर. नवीन खूळ म्हणजे बंद पडलेल्या टॉकीजच्या प्रोजेक्टरच्या लेन्सा. भंगारातून येतात, ७०.६ मिमीचा जाड पितळी नळा, ना अपर्चर ना फोकसची चुडी, सगळंच करावं लागतं. मामांनी एकीला हेलिकॉइड (फोकससाठी लेन्स पुढेमागे सरकवणारी चुडी) करून बसवलाय, फोटो असा येतोय की विषय हार्ड, पण किंमत काय लावायची यावरून आमच्यात अजून एकमत नाही. आबांचं म्हणणं ती विकायचीच नाही.

ज्यांना काही करून पाहिजे त्यांनी येताना लेन्स आणि बॉडी दोन्ही आणा, मोबाईलवर फोटो पाठवून माप कळत नाही. सोमवारी बंद असतं.