पॉवर्ड पॅराशूट आपल्याला जमेल का, हे मी कसं ठरवलं

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडे ज्याला ज्याला सांगितलं की मला पॉवर्ड पॅराशूट शिकायचंय, तो म्हणे, काहून बाप्पा, विमानातून उडी मारतो का आता? उडीचा काही संबंध नाही. तीन चाकाची उघडी गाडी असते, मागे इंजिन आणि पंखा, आणि वर कापडाचं छत, दोन सीटवाल्याचं साधारण ५०० स्क्वेअर फूट. ते जमिनीवर पसरून ठेवायचं, गाडी पळवली की त्यात हवा भरते आणि ते डोक्यावर येऊन उभं राहतं. वर जायचं तर थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, वाढवायचा, उतरायचं तर कमी करायचा, स्पीड मात्र जवळपास एकच राहतो, ताशी ४५-५० किलोमीटर. वळायला पायाशी पॅडल, डावं दाबलं की छताची डावी मागची कड खाली ओढली जाते आणि गाडी डावीकडे वळते. इंजिन बंद पडलं तरी छत उघडंच असतं म्हणून तरंगत खाली येता येतं, पण खाली उतरायला जागा पाहिजे, आणि माझं सगळं ठरवणं त्या जागेपाशीच येऊन अडकलं.

मशीन बघायच्या आधी मी वारा बघायला लागलो. वावरात उंच बांबूला जुन्या लुगड्याची पट्टी बांधली आणि सकाळ संध्याकाळ ती कशी हलते ते वहीत लिहून ठेवलं. नवशिक्याने ताशी १५ किलोमीटरच्या वर वारा असेल तर उडू नये असं शिकवणारे सांगतात, आणि ते पटतं, कारण गाडीच ५० ने चालते, समोरून २५ चा वारा आला तर परतीला दुप्पट वेळ लागतो आणि टाकीत पेट्रोल तेवढंच. आपल्याकडे हिवाळ्यातली सकाळ सोन्यासारखी, पट्टी हलत पण नाही. पण एप्रिल-मे मध्ये सूर्य वर आला की काळी जमीन अशी तापते की नऊ वाजेपासूनच गरम हवा उसळायला लागते आणि वावटळी उठतात, तिथे कापडाच्या छताचं काही काम नाही. पावसाळा तर सोडूनच द्या, काळ्या मातीत चाक फिरतच नाही, चिखल गोळा होऊन जाम होते. म्हणजे खरा सीझन दिवाळी ते होळी, त्यातही सूर्य उगवल्यावर दीड-दोन तास आणि मावळायच्या आधीचा थोडा वेळ. एवढ्यात ज्याचं समाधान होत नाही त्याने ह्यात पैसे घालू नये, हे मी ठामपणे सांगतो.

मग बाबांना घेऊन शिवार फिरलो. बाबा म्हणाले, "इंजिन बंद पडल्यावर तू कोणाच्या पऱ्हाटीत उतरशील, ते त्याला आधी विचारून ये." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. धुऱ्याधुऱ्याने चालताना जे दिसलं ते आधी कधी त्या नजरेने पाहिलंच नव्हतं, मोटारपंपाच्या लोंबलेल्या वायरी, बिनकठड्याच्या विहिरी, डुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारा. वायर वरून शेवटपर्यंत दिसत नाही, खांब दिसतो, म्हणून खांब शोधायचा आणि दोन खांबांच्या मध्ये वायर आहेच असं धरून चालायचं. शिवाय कमी उंचीवरून गेलं तर आवाजाने बैल बुजतात, कोणाची बंडी उलटली तर? आणि पुलगावला लष्कराचा दारूगोळा डेपो आहे, बोरच्या जंगलात वाघ आहेत, त्या बाजूला जायचा विचार पण नको.

त्यानंतर लोणावळ्याजवळ कामशेतला जाऊन पॅराग्लायडरच्या छतावर ग्राउंड हँडलिंग केलं, म्हणजे जमिनीवरच उभं राहून छत वर धरायची प्रॅक्टिस. हे प्रत्येकाने आधी करावं, खांदे भरून येतात पण वारा काय चीज आहे ते दोऱ्यांमधून हातात कळतं. मग ओळखीतून एका पायलटने मागच्या सीटवर बसवून नेलं. गाडी पळायला लागली तरी तो लगेच उडाला नाही, मान वर करून पाहिलं, दोऱ्या गुंतल्या नाहीत ना, छताची दोन्ही टोकं फुगली ना, मगच फुल थ्रॉटल. ते बघून माझा विश्वास बसला. वर थंडीने बोटं आखडली, पण खाली एकेक तुरीची ओळ मोजता येत होती आणि मला खाली यावंसंच वाटेना.

कागदाचं पण बघा. २०२२ च्या राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरणात पॅरामोटर (पाठीवर इंजिन बांधून उडायचं ते) आणि पॉवर्ड पॅराशूट ट्राइक, म्हणजे आपली तीन चाकी गाडी, दोन्ही येतात, त्यामुळे शिकवणाऱ्याला रजिस्ट्रेशन, सर्टिफिकेट, इन्शुरन्स सरळ विचारायचं, चिडला तर तिथे शिकायचं नाही. माझ्या आयुर्विम्याच्या पॉलिसीत असल्या उडण्यातला अपघात वगळलेला निघाला.

तर मी शिकणार हे नक्की केलंय, मशीन मात्र एकट्याने घेणार नाही, चार महिन्यांच्या सीझनसाठी एवढा पैसा अडकवणं मला पटत नाही. तिघेचौघे मिळाले तर भागीत घेऊ, ठेवायला आमचा गोठा आहे, छत उन्हाने खराब होतं म्हणून ते घरातच राहील. सोयाबीन निघालं की पडीत तुकडा रोटावेटर मारून सपाट करतो. बायकोची अट एकच, वेगळा अपघात विमा हातात आल्याशिवाय क्लासची फी भरायची नाही, आणि तो फॉर्म कालच एजंटकडे दिलाय.