तंबाखू सोडलेला माणूस

मार्केट यार्डात हमालांच्या तोंडाची तपासणी चालू होती. साधारण पस्तिशीचा एकजण खुर्चीत बसला आणि बसल्या बसल्या म्हणाला, "मॅडम, मी तंबाखू सोडलीय. पोरीची शपथ घेतली, त्यानंतर एकदाही बार भरला नाही."

"छान. आता तोंड उघडा."

मोठ्या माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावायला हवीत. ह्याचं दुसरं बोट काही केल्या शिरेना. गाल आतून पांढुरके, बोट फिरवलं की दोऱ्या ताणल्यासारखे पट्टे लागत होते. भाजी तिखट लागते म्हणून कित्येक दिवस दूधभात खातोय, हे बायकोनं सांगितलं. तो गप्पच.

"मग आता काय खाता?"

खिशातून पुडी निघाली. भाजकी सुपारी! "पोती उचलताना तोंडात काहीतरी लागतं ना. ह्यात तंबाखू नाही, वाचून घेतलंय."

त्यानं खरंच वाचलं होतं, त्यामुळे रागावणार तरी कसं? पण त्याला झालेल्या ह्या तोंड आखडण्याच्या आजाराचं, म्हणजे सबम्युकस फायब्रोसिसचं, मुख्य कारण सुपारीच. तिच्यातल्या अरेकोलिनसारख्या द्रव्यांनी गालाच्या अस्तराखाली तंतू साठत जातात आणि जबडा आखडतो. पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालच्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक म्हटलंय.

आमच्या फॉर्मवर त्याच्या नावापुढे 'तंबाखू सोडली' अशी खूण झाली. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात तंबाखू वापरणारे प्रौढ २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते, २०१६-१७ मध्ये २६.६ झाले. घट खरी आहे, मला तिचा आनंदही आहे. पण नुसती सुपारी चघळणारा त्या २६.६ मध्ये येतच नाही. शिवाय २०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणात धूम्रपान करणारे आपल्याकडे जेमतेम ३.८ टक्के, तोंडात तंबाखू धरणारे २४.४, तरी शाळेच्या भिंतीवर चित्र रंगवायचं तर आपण सिगारेटच काढतो.

"पहिल्यासारखं उघडेल का?" त्यानं विचारलं. पूर्ण उघडेल असं मी म्हटलं नाही. सुपारी आजपासून बंद, आइस्क्रीमच्या काड्या दातांत एकेक वाढवत जबड्याचा व्यायाम, असं सांगितलं आणि गालाचा तुकडा काढून तपासायला ससून रुग्णालयाची चिठ्ठी दिली.

उठताना त्यानं पुडी रांगेतल्या मित्राच्या हातात कोंबली. "घे, मला बंद सांगितलीय."

मी त्या मित्रालाच पुढे बोलावलं.