देवकांच्या शोधात चौघे

गेल्या पावसाळ्यात मी, पत्नी, भाची आणि कचेरीतला एक मित्र अशा चौघांनी रविवारच्या दुपारी बसून 'स्लीपिंग गॉड्स' हा पटावरचा खेळ पूर्ण केला, आणि तो पूर्ण झाल्यावर त्याविषयी चौघांची चार मते झाली. एकमेकांवर कुरघोडी न करता एकाच जहाजातून जायच्या खेळाबद्दल इतके मतभेद व्हावेत याची मला गंमत वाटली, म्हणून ती मते येथे मांडतो. कथेतले कोणतेही रहस्य मात्र फोडणार नाही.

रायन लॉकट या अमेरिकी रचनाकाराचा हा खेळ २०२१ मध्ये त्यांच्याच रेड रेव्हन गेम्सने प्रकाशित केला. चित्रेही त्यांचीच आहेत. काळ १९२९ चा. कप्तान सोफी ओडेसा आणि तिचे आठ खलाशी 'मँटिकोर' या आगबोटीसह एका अनोळखी समुद्रात येऊन पडतात, आणि निद्रिस्त देवांना जागे करणारी टोटेम हाती आल्याशिवाय त्यांना घरची वाट सापडत नाही. चौघे खेळत असतील तर प्रत्येकाकडे दोन खलाशी येतात. नकाशा वहीसारखा बांधलेला आहे. जहाज पानाच्या कडेपलीकडे गेले की पान बदलायचे, आणि एखाद्या ठिकाणी उतरायचे ठरले की तिथल्या क्रमांकाचा उतारा जाडजूड कथापुस्तकातून काढून मोठ्याने वाचायचा.

वाचनाचे काम भाचीकडे होते. ती परिच्छेद इंग्रजीत वाचायची आणि लगेच मराठीत सांगायची, आणि खरे सांगायचे तर मला खेळापेक्षा तिचे ते सांगणेच अधिक आवडू लागले. टोटेमला तिने पहिल्याच दिवशी 'देवक' म्हटले. पलीकडे भाजी निवडत बसलेल्या सासूबाईंनी त्यावर, "देवक आपल्या घराण्याचं असतं, ते परक्याच्या बेटावर कसं सापडेल?" असे विचारले, आणि त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते. शब्द मात्र तोच राहिला.

भाचीची तक्रार लढाईबद्दल आहे. प्रत्येक शत्रूच्या पत्त्यावर चौकटींची जाळी छापलेली असते; केलेला घाव लगतच्या चौकटींवर मांडायचा, आणि शत्रूचा जीव दाखवणाऱ्या हृदयाच्या चौकटी झाकायच्या की शत्रूचा प्रतिहल्ला बोथट करणाऱ्या, हे ठरवायचे. आमच्या मित्राला नेमके हेच आवडते. एकदा तर तो हातात शेंगदाणा धरून त्याच्या टोकाने एकेक चौकट मोजत चांगली दहा मिनिटे बसला होता, आणि भाची बोट घालून मिटलेले पुस्तक मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत होती. तिचे म्हणणे असे की गोष्ट ऐन रंगात आली असताना कोडे सोडवायला बसवणे हा श्रोत्यांवर अन्याय आहे. मित्राचे म्हणणे असे की कोडे नसेल तर पुस्तकच वाचावे, पट कशाला मांडावा? या वादात मी भाचीच्या बाजूचा आहे, पण पुरता नाही. कारण घाव कोणत्या खलाशाने सोसायचा हे चौघांनी मिळून ठरवताना ते खलाशी जितके आपले वाटले, तितके कोणत्याही उताऱ्यात वाटले नाहीत.

माझी स्वतःची नाराजी वेगळी आहे. एखादी कसोटी आली की तीत उतरणाऱ्या खलाशांची कौशल्ये मोजून पत्ता उलटायचा आणि त्यावरचा १ ते ६ मधला आकडा त्यांत मिळवायचा. जो उतरेल तो थकतो. रचना चांगली आहे, पण अपयशानंतरचा मजकूर पुष्कळदा दोन ओळींत आटोपतो. आपण हरलो याचे दुःख नाही, हरण्याची गोष्ट नीट सांगितली गेली नाही याचे आहे.

पत्नीने सगळ्यांत नेमका मुद्दा काढला. या समुद्रात ठरलेला मार्ग नाही, वाटेल तिकडे जावे, हे तिला फार भावले. परंतु अनेक ठिकाणी विशिष्ट शब्द असलेला पत्ता जवळ असल्याखेरीज पुढचे दार उघडत नाही, आणि तो पत्ता मिळेपर्यंत आपण कुठल्या कुठे गेलेलो असतो. शिवाय काळ मोजका आहे. प्रत्येक पाळीला प्रसंगाचा एक पत्ता उघडतो, अठरा पत्त्यांची ती गड्डी तीनदा संपली की प्रवास संपतो. आमचा संपला तेव्हा देवके हवी होती त्याहून बरीच कमी होती, आणि शेवटचा उतारा वाचून झाल्यावर थोडा वेळ कोणी काही बोलले नाही.

'नंतर येऊ' म्हणून सोडलेल्या ठिकाणांचे क्रमांक पत्नी एका चिठ्ठीवर लिहीत असे. ती चिठ्ठी खोक्यात झाकणाखालीच ठेवली आहे. तिच्यावर अकरा क्रमांक आहेत, आणि परवा पाहिले तर त्यांतल्या चारांखाली भाचीच्या पेनाने रेघा ओढलेल्या होत्या.