कात्री न लावता

तेरावं झालं की कपाटातल्या साड्यांचा विषय निघतो. चांगल्या वाटल्या जातात, उरलेल्या बोहारणीकडे जातात. या घाईत रोजच्या नेसणीतल्या दोन-तीन सुती साड्या गोधडीसाठी मुकाट्याने बाजूला काढून ठेवाव्यात. पैठणी राहू द्या. गोधडीला धुऊन धुऊन मऊ झालेलीच साडी लागते, आणि गेलेलं माणूस आपल्याला आठवतं तेही त्याच साडीत.

लगेच शिवायला बसायची गरज नाही. बसल्यावर पहिली अडचण कात्रीची येते. आईच्या साडीवर कात्री चालवायची म्हणजे हात थांबतो, आणि गाठोडं पुन्हा कपाटात जातं, कधी कधी वर्षानुवर्षं. खरं तर कापायचं कारणच नाही. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 18 फूट. लांबीत उलटसुलट दुमडून तीन घड्या घातल्या की 6 फुटांचे तीन थर मिळतात, पन्हा पावणेचार फूट. एकट्याच्या पांघरुणाला पुरेसं. नऊवारी असेल तर चार घड्या, लांबी पावणेसात फूट. आणखी ऊब हवी तर मध्ये दुसरी साडी तशीच दुमडून घालायची. पण सहा थरांच्या वर गेलात तर सुई ओढताना बोटं सोलतात.

आधी धुणं आलंच, आणि ते जड जातं, कारण धुतल्यावर वास जातो. त्यासाठी एखादा ब्लाउज न धुता कोरड्या डब्यात वेगळा ठेवावा. गोधडीत मात्र न धुतलेलं कापड घालू नये. खळ राहिली तर कसर लागते, शिवाय सुईही अडते. रंग जातो का हे ओला कोपरा पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावं. नायलॉन, जॉर्जेट थरांत सरकतं. जरीचा काठ दोरा कापतो. वडिलांच्या शर्टांच्या शिवणी उसवाव्याच लागतात, कॉलर आणि बटणपट्टीही जाड असते. पण खिसा आख्खा काढून वरच्या थरावर ठिगळासारखा लावता येतो. 1987 साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या एड्स मेमोरियल क्विल्ट या सामूहिक गोधडीत लोकांनी एड्सने गेलेल्यांच्या जीन्स, टेडी बेअर असंच काहीबाही शिवलं. त्यातला प्रत्येक तुकडा 3 बाय 6 फुटांचा, कबरीच्या मापाचा.

थर जमिनीवर अंथरून मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. हा टप्पा कंटाळवाणा म्हणून गाळला जातो. मग कडेपासून आत शिवत आलं की सगळं ढिलं कापड मध्यावर गोळा होऊन फुगा येतो. तो नंतर निघत नाही. पक्का धावदोरा जाड सुती दोऱ्याने, पाव इंचाचा टाका, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा हातभरच घ्यावा. लांब घेतला की गुंता होतो. आणि अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी, घालाच.

आता मनाचं. रागात घातलेला टाका दिसतो: दोरा जास्त ओढला जातो, कापड चुणतं. रडताना टाके लांब आणि वाकडे पडतात. ते उसवायचे नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. चुणी अंगठ्याने सरकवून पसरावी, बस्स. उसवायचा तो फक्त अर्ध्या इंचाहून लांब टाका, कारण त्यात पायाचं बोट अडकतं. हळदीचा डाग, खोंच, फोडणीचं भोक वरच्या थरावरच येऊ द्या. ते कुठे येणार हे ठरवण्यातच एखादी संध्याकाळ जाते. ती संध्याकाळ वाया गेली असं समजू नका, कारण तेवढा वेळ आपण त्या माणसाचाच विचार करत असतो, पण हाताला काम असतं. गोधडीने दुःख संपतं असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका.

झाली की वापरा. एकाच घडीत ट्रंकेत ठेवली तर घडीवरच विरते. धुतल्यावर ती भलतीच जड होते, एकाच दोरीवर टाकली तर टाके तुटतात. दोन-तीन दोऱ्यांवर आडवी पसरून सावलीत वाळवावी.